व्हॉल्व्ह अँप बिघडलाय: नवे व्हॉल्व्ह, जुने एनओएस, वापरलेले, की आधी खालचं झाकण उघडायचं?

"अँपचे व्हॉल्व्ह गेलेत, कुठले घेऊ?" असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गेलेत हे ठरवलं कुणी? उत्तर साधारण असं येतं की आवाज बसलाय, एका बाजूला खरखर येते, किंवा नुसतं चालू केलं तरी घूं घूं करतंय. व्हॉल्व्ह, म्हणजे अँप्लिफायरमधल्या व्हॅक्यूम ट्यूब, वर दिसतात, काचेचे असतात, लाल उजेड देतात, त्यामुळे संशय पहिला त्यांच्यावरच जातो, आणि खरे उद्योग करणारे कंडेन्सर बिचारे झाकणाखाली लपलेले असल्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाहीत.

तर जे आत्ता ठरवताय त्यांच्यासाठी हे लिहितोय. रस्ते चार आहेत, आजच्या कारखान्यातले नवे व्हॉल्व्ह, जुन्या काळातले न वापरलेले म्हणजे एनओएस, वापरलेले पण टेस्ट केलेले, आणि व्हॉल्व्हला हात न लावता आतलं रिपेअर. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना हिशोब लावता येईल: आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हच्या जागी, नवे घ्या, पहिल्या छोट्या व्हॉल्व्हला हौस असेल तर जुना शोधा, आणि या दोन्हीच्या आधी कंडेन्सर तपासा. शेवटचं करायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडत नव्हतं.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. ईएल३४ या आउटपुट व्हॉल्व्हचा पुश-पुल अँप, म्हणजे व्हॉल्व्ह जोडीजोडीने आळीपाळीने काम करतात तो, चार आउटपुट व्हॉल्व्हवाला. एक दिवस उजवीकडच्या एका व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायला लागली, हीटरचा जो नारिंगी उजेड असतो तो नाही, बाहेरची राखाडी प्लेटच मधोमध निखाऱ्यासारखी. मी म्हटलं व्हॉल्व्ह मेला. मॅच केलेले चार नवे मागवले, लावले, दहा मिनिटांत त्याच जागेवरचा नवाकोरा व्हॉल्व्ह लाल. परत पाठवायच्या तयारीत होतो, विकणाऱ्याला दोन शब्द सुनवायचेही ठरवले होते, तेवढ्यात शेजारचा आणि हा असे दोन अदलाबदल करून बघितले. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, त्याच सॉकेटवर राहिली! मग अँप बंद करून तो एक व्हॉल्व्ह काढून ठेवला, परत चालू केलं आणि सॉकेटच्या ५ नंबरच्या पायावर, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या कंट्रोल ग्रीडवर, मीटर लावला. बाकीच्या तिन्ही जागी उणे ३८ व्होल्ट, इथं उणे २१. आधीच्या स्टेजमधून सिग्नल आणणारा कपलिंग कंडेन्सर गळत होता, तिकडचा अधिक व्होल्टेज इकडे झिरपत होता, त्यामुळे ग्रीडचा लगाम सैल पडून व्हॉल्व्ह मोकाट करंट ओढत होता. ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा एक फिल्म कंडेन्सर बदलला आणि विषय संपला. जे चार "मेलेले" म्हणून काढले होते तेच आजही त्या अँपमध्ये वाजतायत, नवे चार डब्यात पडून आहेत.

यातून एकच गोष्ट घ्या, अदलाबदल. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्हचा, जागेवरच राहिला तर अँपचा. एक रुपया खर्च न करता अर्ध्याहून जास्त गोंधळ इथंच मिटतो. फक्त प्लेट लाल दिसली की ताबडतोब बंद करायचं, "बघू अजून किती होतंय" असं करत बसलात तर व्हॉल्व्ह तर जाईलच, आउटपुट ट्रान्सफॉर्मरही सोबत घेऊन जाईल.

आधी तुमचा अँप कुठल्या जातीचा ते बघा

व्हॉल्व्ह स्वतः बदलायचे की टेक्निशियनकडे न्यायचं हे ब्रँडवर ठरत नाही, बायसवर ठरतं, म्हणजे शांत असताना व्हॉल्व्हला लगाम कसा घातलाय त्यावर. दोन प्रकार आहेत, कॅथोड बायस आणि फिक्स्ड बायस.

कॅथोड बायसमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्या भागाखाली, काहीशे ओहमचा एक जाडजूड रेझिस्टन्स असतो, ५ किंवा १० वॉटचा, आणि बहुतेक वेळा त्याला चिकटून एक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. व्हॉल्व्हने जास्त करंट ओढला की त्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज वाढतं आणि व्हॉल्व्ह आपोआप आवरतो. म्हणजे जुना काढा, नवा लावा, गाणी ऐका, असं जवळपास करता येतं. फिक्स्ड बायसमध्ये कॅथोड सरळ अर्थला किंवा १ ते १० ओहमच्या छोट्या रेझिस्टन्समधून अर्थला गेलेला असतो, आणि ग्रीडला वेगळ्या सप्लायमधून उणे व्होल्टेज दिलेलं असतं. इथं व्हॉल्व्ह बदलला की प्रत्येक वेळी बायस मोजून लावावा लागतो. नाव बघा किती फसवं आहे, फिक्स्ड म्हणतात आणि नेमकं तेच सेट करावं लागतं! "माझा फिक्स्ड आहे म्हणजे काही करायला नको ना" असं विचारणारे मला कित्येकदा भेटलेत, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही, नावच तसं आहे.

ओळखायचं कसं, तर ईएल३४, ६एल६, केटी८८ तिन्हीचा कॅथोड ८ नंबरच्या पायावर असतो, ईएल८४ चा ३ नंबरवर. अँप बंद, प्लग काढलेला, कंडेन्सर रिकामे झालेले, मग त्या पायापासून अर्थपर्यंत ओहममध्ये मोजा. काहीशे आले तर कॅथोड, शून्य, एक-दोन किंवा दहा आले तर फिक्स्ड.

आता दोन्हीत काय पत्करायचं ते. कॅथोड बायसला पॉवर कमी मिळते, तो रेझिस्टन्स चांगलाच तापतो आणि त्याला चिकटून बसवलेला कंडेन्सर त्या उष्णतेने काही वर्षांत सुकतो, मग आवाज पातळ होतो आणि लोक म्हणतात व्हॉल्व्ह म्हातारे झाले. फिक्स्ड बायसला पॉवर जास्त, पण त्या उणे सप्लायमधला एक छोटासा कंडेन्सर म्हातारा झाला की चारही आउटपुट व्हॉल्व्हचा लगाम एकदम सुटतो. जुना फिक्स्ड बायसचा अँप हातात आला की मी सगळ्यात आधी तोच कंडेन्सर बदलतो, चांगला दिसत असला तरी, कारण त्याची किंमत चार आउटपुट व्हॉल्व्हपुढे काहीच नाही.

मोजायचं गणित अवघड नाहीये. ईएल३४ ची प्लेट २५ वॉट सहन करते, पुश-पुलमध्ये शांत असताना त्याच्या साधारण ७० टक्के ठेवतात, म्हणजे साडेसतरा वॉट. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४३०, येतात ४० मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहम असेल तर मीटरवर ४० मिलिव्होल्ट दिसले की झालं, त्यात स्क्रीन नावाच्या दुसऱ्या ग्रीडचा थोडा करंटही धरला जातो त्यामुळे प्रत्यक्ष प्लेटवर जरा कमीच पडतो, ते आपल्या फायद्याचंच. कॅथोड बायसवाल्यांनी रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज मोजायचं, समजा ४७० ओहमवर २८ व्होल्ट आले तर करंट साधारण ६० मिलिअँपिअर, आणि प्लेट ते कॅथोड ३८० व्होल्ट असेल तर झाले साडेबावीस वॉटच्या वर. हा आकडा ७० टक्क्यांच्या बराच पुढे आहे, पण कॅथोड बायसमध्ये व्हॉल्व्ह असाच मर्यादेजवळ चालवायची पद्धत आहे, चालतं. नवे व्हॉल्व्ह लावताना बायसचे पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टन्स, आधी जास्तीत जास्त उणेकडे फिरवून ठेवा, मग हळूहळू वर आणा, पंधरा मिनिटं तापू द्या आणि परत एकदा बघा, कारण तापल्यावर आकडा सरकतोच.

नवे की जुने की वापरलेले

आज व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्हचा कारखाना, चीनमधले काही, आणि अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक, ज्यांचा ३००बी १९३८ सालचा आहे आणि आजही निघतो. पण डब्यावर नावं बघाल तर डझनभर! मलार्ड, टंग-सोल, जेनालेक्स गोल्ड लायन ही जुनी इंग्लिश-अमेरिकन नावं आता साराटोव्हमध्ये बनणाऱ्या व्हॉल्व्हवर छापली जातात. म्हणून "मलार्ड घेतलाय" या वाक्याचे दोन अर्थ होतात, एक इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला जुना आणि दुसरा आजचा रशियन. आजचा वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, मी वापरतो, फक्त जुन्याची किंमत मोजून नवा घरी आणू नका.

जुना ओळखायला रंगाने छापलेल्या नावावर विसंबू नका, ते कुणीही छापतं. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या बाजूला बारीक कोरल्यासारखे करडे कोड असतात, दोन ओळींचे, दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर कारखान्याचं. बी म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोणाची खूण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. विकणाऱ्याने डब्याचे पाच फोटो टाकलेत आणि कोडचा एकही नाही, तर मी पुढे जातो.

आता आउटपुटसाठी तुलना. इथं व्हॉल्व्ह झिजायलाच लावलेला असतो, तो गाडीच्या टायरसारखा आहे. धरून चालू की एक जोडी २००० तास चांगली चालली, रोज तीन तास ऐकलंत तर दोन वर्षंही पुरत नाहीत. एनओएस पॉवर व्हॉल्व्ह घेतलात तर एवढे महाग व्हॉल्व्ह तुम्ही टायरसारखे घासताय. वर पुश-पुलला जोडी जुळलेली लागते, दोन्हींचा शांत असतानाचा करंट सारखा नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसीचा तोल जातो, बास बिघडतो आणि घूं आवाज वाढतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे न वापरलेले चार सारखे व्हॉल्व्ह मिळणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. मिळतात ते बरेचदा "जवळपास न वापरलेले" असतात, म्हणजे वापरलेलेच. नवीन घेतले तर मॅच करून मिळतात, गेले तर तसलेच परत मिळतात. सिंगल-एंडेड अँप, म्हणजे जिथं व्हॉल्व्ह जोडीने काम करत नाहीत तो, असेल तर जोडी जुळवायची कटकट नाही, दोन चॅनलचा आवाज सारखा आला की पुरे.

छोट्या सिग्नल व्हॉल्व्हचं गणित उलटं आहे. ईसीसी८३ ला झीज कमी, चांगले जुने हजारो तास चालतात, आणि पहिल्या स्टेजमधला आवाज पुढच्या सगळ्या स्टेज वाढवत नेतात, तिथं जराशी सुरसुर असेल तर स्पीकरवर ती सुरसुर राहात नाही. त्यामुळे जुना, शांत, न शिट्टी मारणारा व्हॉल्व्ह शोधायचा असेल तर पहिल्या जागेसाठी शोधा, फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणारी, असेल तर नक्कीच. मधल्या फेज स्प्लिटरच्या जागी, म्हणजे पुश-पुल जोडीसाठी सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करतो तिथं, तोच महाग व्हॉल्व्ह लावून "साउंडस्टेज रुंद झालं" म्हणणारे आहेत, असू देत, मी तिथं नवा जेजे लावतो आणि झोपतो. एक अपवाद, ज्या जागी कॅथोडच शंभर-दीडशे व्होल्टवर बसलेला असतो, कॅथोड फॉलोअर म्हणतात तो, तिथं हीटर आणि कॅथोडमधल्या इन्सुलेशनवर ताण येतो, ईसीसी८३ ची मर्यादा १८० व्होल्ट आहे, तर तिथं कमजोर व्हॉल्व्ह पहिल्यांदा मान टाकतो, मग तो जुना असो की नवा.

वापरलेले टेस्ट केलेले हा मधला मार्ग मला आवडतो पण "९० टक्के" एवढंच लिहिलं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. टेस्टर दोन जातींचे, एक नुसतं एमिशन बघतो म्हणजे कॅथोडमधून किती इलेक्ट्रॉन निघतात ते, दुसरा म्युच्युअल कंडक्टन्स मोजतो म्हणजे ग्रीड हलवल्यावर करंट किती हलतो. दुसऱ्याचा आकडा कामाचा. पण दोन्ही टेस्टर हे सांगत नाहीत की व्हॉल्व्ह खरखरतो का, टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो का, आणि तासभर तापल्यावर आतल्या आत टेकतो का. म्हणून परत घेईन असं म्हणणारा माणूस टेस्टच्या कागदापेक्षा मोलाचा.

सारखा दिसतो म्हणून लावू नका

ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ही नावं एकमेकांच्या जागी बिनधास्त धरा. पण ८३ च्या जागी ८२ लावलात तर १०० पट अँप्लिफिकेशनच्या जागी सतरा-वीस मिळेल, सॉकेटात बसतो पण आवाज बसेल. आणि ईसीसी८८ तर हुबेहूब तसाच नऊ पायांचा, सॉकेटात मस्त जातो, पण ८३ चा हीटर ४, ५ आणि मधला काढलेला ९ नंबरवर असतो, ८८ ला ९ नंबरवर शील्ड आहे. जिथं ४ आणि ५ एकत्र जोडून ६.३ व्होल्ट दिलेत तिथं तो पेटणारच नाही, जिथं ४-५ मध्ये १२.६ दिलेत तिथं हीटर दुप्पट व्होल्टेजवर जळायला मोकळा.

६एल६ काढून ईएल३४ लावायचा मोह सगळ्यांना होतो. ६एल६जीसीचा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. चार व्हॉल्व्ह धरले तर ३.६ वरून ६ अँपिअर, पॉवर ट्रान्सफॉर्मर ते देणार आहे का? आणि ईएल३४ च्या १ नंबरच्या पायावर सप्रेसर ग्रीड बाहेर काढलेली असते ती कॅथोडला जोडावी लागते, तर ६एल६ च्या अँपमध्ये तो पाय मोकळा म्हणून बनवणाऱ्याने तिथं भलतीच वायर आणून टेकवलेली असू शकते. केटी८८ चा हीटर १.६ अँपिअर, तिथंही हाच प्रश्न.

रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे एसीचं डीसी करणारे, त्यांच्याबद्दल थोडक्यात. जीझेड३४ हळू तापतो, तोवर आउटपुट व्हॉल्व्हही तापलेले असतात, ५यू४ चं हाय व्होल्टेज लगेच येतं आणि त्याच्या स्वतःमध्येच व्होल्टेज जास्त खर्च होतं. त्याजागी सिलिकॉन डायोड लावले तर व्होल्टेज बरंच वाढतं, बायस आणि कंडेन्सरचं रेटिंग परत बघावं लागतं. आणि कुणीतरी "मोठा कंडेन्सर म्हणजे कमी घूं" या हिशोबाने पहिला फिल्टर कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा लावून ठेवलेला असतो, जीझेड३४ ची मर्यादा ६० आहे, मग दर वर्षी रेक्टिफायर उडतो आणि दोष आजच्या व्हॉल्व्हच्या क्वालिटीला.

व्हॉल्व्ह रिपेअर होतो का?

काचेच्या आतलं काही होत नाही. वरचा चकचकीत आरसा, गेटर म्हणतात, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह शोपीस. हीटरला जास्त व्होल्टेज देऊन तरुण करायचे प्रयोग आहेत, काही दिवस टिकतात, मी नादी लागत नाही.

पण एक दुरुस्ती खरी आहे आणि फार कमी लोकांना माहितीये. आठ पायांच्या ऑक्टल व्हॉल्व्हचे पाय पोकळ असतात, काचेतून आलेली तार त्या पोकळ पायात उतरते आणि टोकाला सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तो जोड कोरडा पडतो, मग व्हॉल्व्ह कधी पेटतो कधी नाही, हलवला की खरखर, आणि माणूस त्याला मेलेल्यांत टाकतो. व्हॉल्व्ह पाय खाली करून हातात धरा, पायाचं टोक सोल्डरिंग आयर्नने तापवा, थोडं फ्लक्स, थेंबभर ताजं सोल्डर, आत चढलं की बाजूने गुठळी राहणार नाही एवढं पुसून घ्या, गुठळी राहिली तर सॉकेट रुंद होतं. हीटरचे दोन, ईएल३४, ६एल६, केटी८८ ला २ आणि ७, ६एसएन७ ला ७ आणि ८, आधी करा, करंट त्यांच्यातूनच सगळ्यात जास्त जातो. मी कचऱ्यातून काढलेले दोन ६एसएन७ असे परत चालू केलेत. नऊ पायांच्या छोट्या व्हॉल्व्हला हे नाही, तिथं पाय थेट काचेतूनच बाहेर येतात, वाकडे असतील तर जबरदस्तीने बसवू नका, पायाच्या बुडाशी काचेला केसासारखी चीर जाते आणि आठवड्यात गेटर पांढरा.

काढताना काचेला धरून पिळायचं नाही, ऑक्टलला बेसला धरून अगदी थोडं आजूबाजूला हलवत सरळ वर. बेस काचेपासून सैल झाला असेल तर गोल फिरवलात की आतल्या तारा एकमेकींना टेकल्याच. आणि मधली ती प्लॅस्टिकची खुंटी तुटलेला व्हॉल्व्ह असेल तर तो आठ प्रकारे बसतो, त्यातला एकच बरोबर, खूण करून ठेवा. बोटांचे ठसे काचेवर राहिले तर व्हॉल्व्ह फुटतो ही हॅलोजन बल्बची गोष्ट आहे, इथं चिंता नको. उलट पुसताना सावध. एकदा मी जुन्या ईसीसी८३ वरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि धुळीबरोबर छापलेलं नावही गेलं, व्हॉल्व्ह उत्तम आहे पण आता तो कुणाला सांगूनही पटत नाही. कोरडा ब्रश, बास.

बघताना दोन उजेड वेगळे करा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर पातळ झाक, गाण्याबरोबर थरथरणारी, ती निरुपद्रवी, चांगल्या पॉवर व्हॉल्व्हमध्येही दिसते. प्लेटच्या आत, मधल्या जागेत भरलेला जांभळट-गुलाबी धुरासारखा उजेड म्हणजे आत गॅस, काढून टाका. शिट्टी मारणारा शोधायला पेन्सिलीने एकेका छोट्या व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारा, प्रत्येकाचा थोडा टक आवाज येईलच, ज्याचा घंटेसारखा घुमत राहतो तो पहिल्या जागेवरून हलवून मागे टाका, फेकायची गरज नाही.

बऱ्याच वेळा मात्र व्हॉल्व्ह ठीक असतो आणि सॉकेटच्या पाकळ्या सैल झालेल्या असतात. अँप बंद, कंडेन्सर रिकामे, मग बारीक सुईने पाकळ्या जराशा आत दाबा, कॉन्टॅक्ट क्लीनर पायाला लावून व्हॉल्व्ह दोन-तीनदा आत-बाहेर करा. माझ्याकडे आलेल्या खरखरीच्या तक्रारी निम्म्या इथंच संपल्यात. तरीही तळल्यासारखा चर्रर्र आवाज येत राहिला आणि व्हॉल्व्ह बदलूनही गेला नाही तर प्लेटचा १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टन्स बघा.

घूं आवाजाचं पण तसंच. अगदी खालचा, सपाट, मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीचा असेल तर हीटरकडून किंवा अर्थकडून, कधी एखाद्या व्हॉल्व्हमध्ये हीटर-कॅथोड गळतीमुळे. त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, जरा खरबरीत, असेल तर फिल्टर कंडेन्सर. पहिला व्हॉल्व्ह काढल्यावर आवाज थांबला तर त्याच्यात किंवा त्याच्या आधी, नाही थांबला तर पुढचा काढा, असं एकेक स्टेज पुढे जायचं.

स्वतः की टेक्निशियन

अदलाबदल, टिचकी, पाय साफ करणं, बाहेरून बायस पॉइंट दिले असतील तर बायस, हे घरी करा. झाकण उघडून फिल्टर कंडेन्सरला हात घालायचा असेल आणि आजवर हाय व्होल्टेजवर काम केलं नसेल तर टेक्निशियनकडे द्या, यात कमीपणा काही नाही. ४००-५०० व्होल्ट प्लग काढल्यावरही आत बसून राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे उस्ताद मी बघितलेत, कंडेन्सरचे आणि स्वतःच्या हृदयाचे हाल. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपला लावून रिकामा करायचा, मग मीटरने खात्री, एक हात खिशात. आणि चालू अँपचा स्पीकर कधीच काढायचा नाही, लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर एवढं व्होल्टेज उसळतं की इन्सुलेशन फुटतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला अँप असेल तर थेट प्लगमध्ये लावू नका, सिरीज लॅम्प, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक साधा बल्ब, लावून चालू करा, बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. टेक्निशियन निवडताना मी एकच विचारतो, "कपलिंग कंडेन्सर गळतोय का ते कसं बघता?" व्हॉल्व्ह काढून ग्रीडवर मोजतो म्हणाला तर अँप ठेवून येतो. "सगळे व्हॉल्व्ह बदलून बघू" म्हणाला तर अँप उचलून परत.

आणि काहीही मागवायच्या आधी पाच मिनिटांचं एक मोजमाप कराच. अँप बंद, रिकामा, आउटपुट व्हॉल्व्ह काढलेले. पुश-पुल ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून एका प्लेटपर्यंत ओहम, मग दुसऱ्या प्लेटपर्यंत. एकीकडे ९५ आणि दुसरीकडे ११० आले तर घाबरू नका, बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते म्हणून एवढा फरक पडतो. एकीकडे काहीच नाही आलं, मीटर नुसता मोकळा दाखवतोय, तर व्हॉल्व्हची ऑर्डर थांबवा आणि ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणारा शोधा.